देठं, डंक आणि दर

मार्च लागला की ठाण्यातल्या बाळकुमच्या पाड्यांत अंगणात, गच्चीवर मिरची पसरते. बेडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला. आगरी-कोळी घरांतला हा वर्षाचा मसाला आता घराबाहेरही चाललाय. कोलशेत रस्त्यालगत कारखान्यांच्या जागी टॉवर उभे राहिले आणि पाड्यातल्या बाईला गिऱ्हाईक दारातच मिळालं. तरी आठ-दहा किलो विकून झाले की ऐकू येतं, “आपल्याला नाय जमत धंदा.”

या शंकेचं मूळ शोधायचं तर वही उघडावी. समजा, 300 रुपये भावानं दहा किलो मिरची आणली. देठं खुडली, कडक ऊन दिलं, साडेआठ किलो उरली. म्हणजे मिरची पडली 353 रुपये किलोनं. दर मात्र 300 धरूनच ठरला. वर गरम मसाला, तेल, डंकावरची कुटाई, पिशव्या, रिक्षा. आणि स्वतःच्या दोन दिवसांची मजुरी? ती वहीत कुठेच नाही. हातात काही उरत नाही ते यामुळे, आणि बोल मात्र ती स्वतःला लावते.

धंदा वाढला की शंकाही वाढते. सोसायटीतून एकदम 25 किलोची मागणी आली, की आनंदाआधी पोटात गोळा. मिरची हंगामात रोखीनं घ्यायची आणि वसुली दिवाळीपर्यंत रेंगाळायची! इथं हिंमत असते, भांडवल नसतं. 2015 पासूनच्या मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात 50 हजारांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं. 1 जुलै 2020 पासून सुरू झालेली ‘उद्यम’ नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे. त्यासाठी एजंटाला पैसे मोजू नयेत. खाद्यपदार्थ विकायचे तर अन्नसुरक्षा नोंदणीही करून घ्यावी. दर ठरवताना, आधी याच वाटेनं गेलेल्या एखादीला वही दाखवावी; चूक दुसऱ्याच्या डोळ्याला लवकर दिसते.

आणि आपण, गिऱ्हाइकांनी? “आपलीच आहेस, कमी लाव ना,” हे आपलं लाडकं वाक्य. तिची वजावट तिथूनच सुरू होते. मसाला आवडला असेल तर पुढच्या वर्षीची मागणी फेब्रुवारीतच नोंदवा आणि निम्मे पैसे तेव्हाच द्या. मिरची घ्यायला ती बाजारात जाईल, तेव्हा कुणाकडे हात पसरावा लागणार नाही.