आवाज पोचला पाहिजे

सकाळी ७.४५

पाळी आठला सुरू होते, पण पोलीस बिनतारीचा माणूस पंधरा मिनिटं आधी येतो. रात्रभर कंट्रोलवर बसलेल्या सहकाऱ्याकडून जिल्ह्याची स्थिती समजून घ्यायला तेवढा वेळ लागतोच. लॉगबुकच्या शेवटच्या दोन-तीन पानांवर सगळं असतं. कोणत्या ठाण्याचा सेट रात्री खरखरत होता, कोणत्या गाडीची बॅटरी उतरली, कोणता संदेश गेला पण त्याची पोच आली नाही. पोच न आलेला संदेश आमच्या लेखी गेलेलाच नसतो. म्हणून चहाच्या आधी तो हिशेब मिटवायचा, ही इथली जुनी शिस्त आहे आणि मला ती मनापासून पटते.

जुलै महिना आहे. आमच्या जिल्ह्याला एका अंगाला सह्याद्री आणि दुसऱ्या अंगाला खाडी. पावसानं तीन दिवस उसंत घेतलेली नाही.

सकाळी ८.००

"कंट्रोल टू ऑल स्टेशन, हजेरी घेतो, ओव्हर."

एकेक ठाणं बोलायला लागतं. रात्रीचा पाऊस, नदीची पातळी, घाटरस्त्याची स्थिती. मी आकडे लिहितो, पण कान आवाजाकडे असतो. काल ठणठणीत येणारं ठाणं आज लांबून बोलल्यासारखं वाटलं, की ओळखायचं : मास्टवरच्या केबलच्या सांध्यात पाणी शिरलंय. ते आज सुकवलं नाही तर दोन दिवसांत ठाणं मुकं होणार. तंत्रज्ञाच्या वहीत तशी नोंद करतो.

या हजेरीत एक गोष्ट घडते, ती बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. घाटमाथ्याजवळचं ठाणं मला सांगतं, "नदी रात्रीपासून चढतेय." ते वाक्य मी कुणालाही पुढे पाठवत नाही. तरी नदीच्या खालच्या अंगाची दोन ठाणी ते ऐकतात आणि आपापल्या पुलावर माणूस पाठवतात. फोनवर हे होणार नाही. फोन एकाचा एकाला लागतो. बिनतारीवर एक बोलतो आणि सगळे ऐकतात. व्हॉट्सॲपचे गट आल्यापासून मला अनेकदा विचारलं गेलं आहे, की आता बिनतारी कशाला हवी? गटात संदेश पडून राहतो, वाचला जाईल तेव्हा वाचला जातो. इथे कानावर पडतोच. आणि गट ज्या टॉवरच्या भरवशावर चालतो त्या टॉवरचं काय होतं, ते दुपारनंतर सांगतो.

सकाळी ९.१५

बॅटऱ्यांची खोली. उद्या बंदोबस्त आहे, त्यासाठी हँडसेट द्यायचे आहेत. हातातला सेट साधारण पाच वॅटचा, गाडीतला पंचवीसचा. सेट चांगला असून भागत नाही, बॅटरी मेली की पाच हजारांचा सेट काय आणि पन्नास हजारांचा काय, सारखाच. प्रत्येक बॅटरीवर रंगानं क्रमांक टाकलेला आहे, पहिल्यांदा वापरायला काढल्याची तारीख आहे. भरलेल्या एका फळीवर, उतरलेल्या दुसऱ्या फळीवर. त्या फळ्यांची सरमिसळ झाली तर बंदोबस्तात रात्री अकरा वाजता कुणाचा तरी सेट बंद पडतो, आणि तो नेमका गर्दीच्या मधोमध उभा असतो.

नव्यानं आलेल्या दोन शिपायांना बोलायला शिकवतो. बटण दाबा, क्षणभर थांबा, मग बोला. लगेच बोललात तर पहिला शब्द गळतो. आणि बोलून झाल्यावर बटण सोडायची घाई नको, कारण मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. "रस्ता बंद नाही" म्हणताना अंगठा जरा लवकर उचलला, की पलीकडे "रस्ता बंद" एवढंच पोचतं आणि गाड्या उलट्या फिरतात. म्हणून "रस्ता सुरू" म्हणायचं. माणूस सापडला नसेल तर "शोध चालू आहे" म्हणायचं. आकडे सुटे सुटे सांगायचे. एकोणचाळीस आणि एकोणपन्नास पावसाच्या खरखरीत सारखेच ऐकू येतात, तीन-नऊ आणि चार-नऊ येत नाहीत. दोघं पोरं हे मन लावून वहीत उतरवून घेतात. मला बरं वाटतं.

सकाळी १०.३०

आता ११२च्या टेबलावर. राज्यातून कुठूनही ११२ लावला, की फोन आधी नवी मुंबईच्या किंवा नागपूरच्या केंद्रात उचलला जातो. तिथे माहिती भरली जाते, ती आमच्या पडद्यावर येते आणि इथून सर्वांत जवळच्या गाडीतल्या एमडीटीवर, म्हणजे मोबाइल डेटा टर्मिनलवर, जाते. गाडी कुठे आहे ते जीपीएसवर दिसतं. ही यंत्रणा आल्यापासून पत्ता लिहून घेण्यात जाणारा वेळ वाचला, हे निर्विवाद.

पण गाडी डोंगराच्या कुशीत गेली की एमडीटीचं जाळं तुटतं. मग मी माइक उचलतो.

एका बाईंचा फोन आहे. घरातली मारहाण. गाडीला मी वस्ती आणि खूण सांगतो, नाव सांगत नाही. आमचा जुना चॅनल ॲनालॉग आहे, योग्य सेट जवळ असेल तर तो कुणीही ऐकू शकतो. डिजिटल सेटवर संभाषण कूटबद्ध करता येतं, जिथे ते सेट पोचले आहेत तिथे ही काळजी कमी झाली. मात्र तांत्रिक कुलूप असो वा नसो, पीडितेचं नाव हवेत जाता कामा नये, हा नियम मी माझ्या पाळीत मोडू देत नाही.

सकाळी ११.५०

घाटातल्या गाडीला हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. बटण सोडल्यावर रिपीटरचा जो क्षणभराचा खरखराट परत यायला हवा, तोच आला नाही. रिपीटर गेला.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. आमच्या लहरी व्हीएचएफच्या, म्हणजे दीडशे मेगाहर्ट्झच्या आसपासच्या. त्या साधारणपणे सरळ रेषेत जातात, डोंगर आडवा आला की पलीकडे सावली पडते. म्हणून डोंगरमाथ्यावर रिपीटर ठेवलेला असतो. तो एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर, जास्त ताकदीनं, बोलतो. त्याच्यामुळे दोन खोरी एकमेकांना ऐकू येतात. माथ्यावर आमचे दोन जवान आळीपाळीनं राहतात. वीज गेली तर सोलर, सोलर कमी पडलं तर जनरेटर. आता तीन दिवस सूर्यच दिसलेला नाही, तारा पडल्यानं वीज नाही, आणि जनरेटरच्या डिझेलमध्ये पाणी गेल्याचं नंतर कळलं.

पावसाळ्यापूर्वी ठरवून ठेवलेलं होतं. रिपीटर गप्प झाला की पाच मिनिटांत सगळ्यांनी थेट चॅनलवर यायचं. आले. पण थेट चॅनलवर डोंगराच्या पलीकडची तीन ठाणी मला ऐकू येत नाहीत आणि मी त्यांना ऐकू जात नाही. घाटातल्या गस्तीच्या गाडीला सांगितलं, वरच्या वळणावर जा, जिथून दोन्हीकडचं खोरं दिसतं. गाडी तिथे लागली आणि आमचा रिपीटर झाला गाडीतला हवालदार.

पुढचे दोन-अडीच तास पलीकडचा प्रत्येक संदेश त्यानं ऐकला, लिहिला आणि शब्दन् शब्द मला सांगितला. माझा प्रत्येक संदेश तसाच पलीकडे नेला. समोर धुकं, दरडीची भीती, काच खाली केली की पाऊस आत. त्यानं एकदाही स्वतःचा शब्द त्यात घातला नाही, एकदाही "तेच आपलं मघाचंच" म्हणून मोकळा झाला नाही. पुलावरून पाणी किती वर आहे, दोन फूट की तीन, हे पलीकडून नीट आलं नाही तेव्हा त्यानं अंदाज केला नाही, पुन्हा विचारलं. या खात्यात मी जी कामं बघितली त्यात हे फार वरचं काम. त्याची नोंद कुठल्या बक्षिसात होणार नाही, म्हणून इथे करतो.

दरम्यान तंत्रज्ञ भारित बॅटऱ्या घेऊन निघाले. गाडी अर्ध्यापर्यंत जाते, पुढे पायवाट, आणि एकेक बॅटरी दोघांनी उचलायच्या वजनाची. अडीचच्या सुमाराला बटण सोडल्यावर तो खरखराट परत आला.

दुपारी २.४५

डबा खाल्ला.

नवा शिपाई कोपऱ्यातल्या एचएफ सेटबद्दल विचारतो. तीन ते तीस मेगाहर्ट्झच्या या लहरी वरच्या आयनांबरावरून परावर्तित होऊन खाली येतात, म्हणून मध्ये एकही टॉवर नसला तरी शेकडो किलोमीटर जातात. दिवसा वरची फ्रिक्वेन्सी चालते, रात्री खाली उतरावं लागतं. पूर्वी यावर मोर्समध्ये काम चालायचं. आमच्या विभागाच्या मुख्यालयाशी, म्हणजे पुण्याशी, बोलायचा हा शेवटचा मार्ग आम्ही रोज तपासतो, वापरायची वेळ आली नाही तरी.

राज्याराज्यांच्या पोलिसांच्या बिनतारीचा मेळ घालणारं केंद्राचं संचालनालय १९४६चं. त्याच वर्षी ओडिशा पोलिसांनी लष्कराकडून मिळालेल्या कबुतरांवर आपली संदेशसेवा सुरू केली. १९९९च्या महाचक्रीवादळात बाकीची साधनं कोलमडली तेव्हा ती कबुतरं कामाला आली. शिपायाला हे खरं वाटत नाही. मी त्याला एवढंच सांगतो, की जुनं साधन टाकून देण्याआधी, नवं साधन बंद पडेल त्या दिवशी काय करायचं, याचं उत्तर हातात असलं पाहिजे.

दुपारी ४.१०

पूर्वेकडच्या एका खोऱ्यातले मोबाइल गेले. कारण नेहमीचंच. टॉवरला वीज हवी, ती सकाळपासून नाही, टॉवरच्या बॅटऱ्या काही तास टिकल्या आणि संपल्या. रस्त्याकडेनं गेलेली फायबर केबल रस्त्याबरोबर वाहून गेली असेल तर वीज येऊनही उपयोग नाही. जिथे टॉवर जिवंत असतो तिथे सगळे एकाच वेळी फोन लावतात आणि कुणाचाच लागत नाही. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशी मुंबईसारख्या शहरातले मोबाइल गप्प झाले होते. इथे तर खोरं आहे.

साडेचारला त्या खोऱ्यातल्या दूरक्षेत्राचा, म्हणजे तिथल्या पोलीस चौकीचा, आवाज आला. तिथला पोलीस पाटील भिजत चालत आलाय. त्याच्या वाडीच्या वरच्या उतारावर भेग पडलीय, झऱ्याचं पाणी गढूळ झालंय, दोन झाडं कलली आहेत.

हे ऐकताना कंट्रोलमधली कुजबुज थांबली. या तिन्ही खुणांचा अर्थ आम्हाला ठाऊक आहे. ३० जुलै २०१४ला माळीण गाव डोंगराखाली गेलं, ते बाहेरच्या जगाला कळलं एसटीच्या चालकामुळे. तो रोजच्या फेरीला गेला आणि त्याला गाव दिसेना. २२ जुलै २०२१ला महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड आली, तेव्हा पुरानं रस्ते आणि फोन दोन्ही गेले होते. बाहेरची मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला. ऐंशीहून अधिक माणसं गेली. दरड कुणाला थांबवता येत नाही. पण भेग दिसल्यापासून डोंगर सुटेपर्यंत कधी कधी काही तास मिळतात, आणि ते तास संदेश पोचवण्यात घालवायचे की माणसं हलवण्यात, हे आमच्या हातात असतं.

संदेश अग्रक्रमाचा म्हणून चॅनल मोकळा करून घेतला. "ऑल स्टेशन, चॅनल मोकळा ठेवा, फक्त दूरक्षेत्र बोलेल, ओव्हर." जिल्हा आपत्ती कक्षाला हॉटलाइनवर कळवलं, तहसीलदारांना त्यांच्या गाडीतल्या सेटवर. शेजारच्या ठाण्याची गाडी मी सांगायच्या आधीच निघाली होती, त्यांनी सगळं ऐकलं होतं. पोलीस पाटलाबरोबर दोन जवान हँडसेट घेऊन वाडीवर चढले. सकाळी बॅटऱ्यांच्या फळ्या बघताना जो आग्रह धरला, तो या दोन सेटांसाठी होता.

म्हातारी माणसं घर सोडायला तयार नव्हती, गुरं कुठे बांधायची हा प्रश्न होता. त्यात तास गेला.

संध्याकाळी ६.५०

"कंट्रोल, वाडी पूर्ण रिकामी. सर्व लोक झेडपीच्या शाळेत. गुरं खालच्या गावात. ओव्हर."

मी वाक्य पुन्हा उच्चारून खात्री करून घेतली, वेळ लिहिली, सही केली. डोंगर अजून जागेवर आहे. तो तसाच राहिला तर उद्या कुणीतरी म्हणेल, उगाच घाई केली. म्हणू दे.

रात्री ८.००

पाळी सोपवली. उघडा मुद्दा एकच : माथ्यावर उद्या सकाळी स्वच्छ डिझेल पोचवणं.

जाता जाता दोन गोष्टी सांगायच्या आहेत. बिनतारीवरचा खर्च हा फोनच्या जमान्यातला वायफळ खर्च समजला जाऊ नये. बिनतारी यंत्र चालवणाऱ्याची जागा रिकामी राहिली, तंत्रज्ञ निवृत्त झाल्यावर दुसरा आला नाही, तर त्याचा परिणाम कोरड्या दिवसात दिसत नाही. तो अशा जुलैमध्येच दिसतो, आणि तोवर उशीर झालेला असतो.

दुसरी गोष्ट वाचकांसाठी. ११२ला फोन लावाल तेव्हा काय झालं ते सांगण्याआधी तुम्ही कुठे आहात ते सांगा : गाव, वाडी, जवळची शाळा किंवा देऊळ. फोन मध्येच तुटला तरी गाडी निघालेली असेल. चुकून लागला तर कापू नका, "चुकून लागला" एवढं बोला, नाहीतर आम्ही तुम्हाला शोधत बसतो. मुलांच्या हातात खेळायला फोन देताना हे लक्षात ठेवा. आणि डोंगराला भेग दिसली, झरा गढूळ झाला, तर फोन लागायची वाट बघू नका. जवळच्या पोलीस चौकीपर्यंत चालत जा, तिथे सेट आहे.