‘अर्धस्वयंचलित’ बंदूक : संज्ञा आणि निवड

राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली कोल्हापुरात शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसविली. या पेठेशी ज्यांचा व्यवहार चाले त्या डोंगराळ भागांतील शेतकऱ्यांच्या बोलण्यात बंदुकीची नावे स्वच्छ अर्थाची असत : ठासणीची, एकनळी, दुनळी. बंदूक भरावयाची कशी, किंवा तिला नळ्या किती, हे नावावरूनच कळते. ‘अर्धस्वयंचलित’ ही संज्ञा मात्र इंग्रजीवरून घडविलेली आहे. या बंदुकीत आपोआप काय घडते आणि ‘अर्धे’ काय राहते, याचा तिच्यावरून बोध होत नाही. ही संदिग्धता केवळ शब्दापुरती राहत नाही; शिकारीसाठी वा तबकडीच्या नेमबाजीसाठी बंदूक निवडणाराही तिच्यामुळे चुकतो.

या क्षेत्रातील मराठी शब्दसंपत्ती बहुतांशी बाहेरून आलेली आहे. ‘बंदूक’ हा शब्द अरबी ‘बुंदुक’वरून आला. त्याचा मूळ अर्थ एक प्रकारचे कवचफळ. त्यावरून धनुष्याने फेकावयाची गोळी आणि पुढे गोळी फेकणारे शस्त्र असा अर्थविस्तार झाला. ‘काडतूस’ व ‘पिस्तूल’ हे शब्द पोर्तुगीजांकडून आले. परंतु ‘बार भरणे’ आणि ‘बार उडणे’ या प्रयोगांत मराठीने एकाच शब्दाने दोन क्रिया नेमक्या वेगळ्या केल्या आहेत. प्रस्तुत संज्ञेचा उलगडा याच भेदाने होतो. अर्धस्वयंचलित बंदुकीत बार आपोआप भरला जातो. आपोआप उडत नाही. प्रत्येक बारास चाप नव्याने ओढावा लागतो. चाप दाबून धरला असता गोळ्या सुटतच राहतात ते शस्त्र स्वयंचलित होय, आणि १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार ते निषिद्ध वर्गात मोडते. अर्धस्वयंचलित बंदूक त्याहून भिन्न असली, तरी परवान्याच्या दृष्टीने ती साध्या दुनळीच्या वर्गातही बसत नाही. म्हणून मागणी करण्यापूर्वी परवान्यावरील वर्ग पाहणे ही निवडीची पहिली पायरी ठरते.

दुसरी पायरी म्हणजे प्रयोजनाचा निर्णय. कोल्हापूरच्या राजघराण्याचे दाजीपूर येथील शिकारीचे रान १९५८ साली अभयारण्य झाले, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानंतर हौशी शिकारीला देशात स्थान उरले नाही. पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुकरावरही सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून बार टाकता येत नाही. त्यामुळे परदेशी माहितीपत्रकांत ‘शिकारीसाठी उत्तम’ म्हणून सांगितलेले गुण, म्हणजे जड काडतूस पेलणारे लांब घर, मोठे मॅगझिन आणि हलके वजन, येथील खरेदीदाराच्या फारसे उपयोगी पडत नाहीत. त्याच्यासमोर उरते ती मुख्यतः मातीच्या तबकडीची नेमबाजी.

कोल्हापूरची कीर्ती रायफल व पिस्तूल या प्रकारांत आहे. तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्यूनिक येथे जागतिक अजिंक्यपद मिळविले, राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले, आणि स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक पटकाविले. या तिघांच्या प्रकारांत लक्ष्य उडत जात नाही आणि एका वेळी एकच गोळी सुटते. ट्रॅप व स्कीट या प्रकारांत मात्र सुमारे ११० मिलिमीटर व्यासाची, १०५ ग्रॅम वजनाची तबकडी हवेत वेगाने जात असते, आणि छऱ्यांचा पुंजका तिच्या वाटेवर पुढे टाकावा लागतो. दोन्हीस ‘नेम’ हाच शब्द असला, तरी क्रिया भिन्न आहे. रायफलीवर पुढची आणि मागची अशा दोन खुणा असतात. छऱ्याच्या बंदुकीवर मागची खूण नसते. तिचे काम नेमबाजाचा डोळा करतो. गाल दस्त्यावर टेकताच डोळा नळीच्या रेषेत आला पाहिजे. म्हणून दस्त्याची लांबी व उंची शरीरास जुळणे हे कोणत्याही यंत्ररचनेपेक्षा महत्त्वाचे होय.

यंत्ररचनेचा विचार त्यानंतर येतो. बार भरण्यास लागणारी शक्ती कोठून घ्यावी, या प्रश्नाची उत्तरे निरनिराळी आहेत. अमेरिकन संशोधक जॉन ब्राउनिंग यांची बंदूक १९०२ पासून बेल्जियममध्ये तयार होऊ लागली. तिच्यात धक्क्याने नळीच मागे सरकत असे. आज दोन पद्धती प्रमुख आहेत. पहिलीत जळत्या दारूचा थोडा वायू नळीच्या छिद्रातून वळवून दट्ट्या ढकलला जातो. खांद्यास बसणारा धक्का त्यामुळे पसरून सौम्य होतो. परंतु काजळी साचते आणि सफाई वारंवार करावी लागते. दुसरीत धक्क्याने बंदूक मागे येते, जड खटका जडत्वाने जागीच राहतो, आणि त्यामुळे दबलेली कमान पुढे काडतूस बदलण्याचे काम करते. ही रचना स्वच्छ व हलकी असते, पण धक्का अधिक जाणवतो.

येथेच निवडीची खरी कसोटी आहे. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत काडतुसातील छऱ्यांचे वजन २४ ग्रॅमपर्यंत मर्यादित आहे. शिकारीच्या जड काडतुसासाठी जुळविलेल्या बंदुकीस एवढ्या हलक्या बाराची शक्ती कधी कधी पुरत नाही. रिकामी पुंगळी अडकते आणि दुसरा बार भरलाच जात नाही. म्हणजे ज्या गुणामुळे ती अर्धस्वयंचलित म्हणावयाची, तोच गुण नाहीसा होतो. यास्तव बंदूक नेहमीच्याच काडतुसांनी, सलग व पुष्कळ बार काढून पारखावी.

स्पर्धेत अर्धस्वयंचलित बंदुकीस मज्जाव नाही; मात्र तिच्यात एका वेळी दोनच काडतुसे राहतील अशी मॅगझिनची अटकावणी करावी लागते. तेव्हा बारांच्या संख्येत ती दुनळीहून सरस ठरत नाही. उलट एकावर एक नळ्यांच्या दुनळीत प्रत्येक नळीच्या तोंडाचे आकुंचन वेगळे ठेवता येते. ट्रॅपमध्ये दुसरा बार अधिक दूर गेलेल्या तबकडीवर पडत असल्याने हा लाभ मोठा आहे. शिवाय उघडलेली दुनळी रिकामी आहे हे दुरूनही दिसते.

सारांश, ज्याचा खांदा धक्क्याने लवकर शिणतो, किंवा ज्यास दीर्घ सराव करावयाचा आहे, अशा नेमबाजास वायूवर चालणारी अर्धस्वयंचलित बंदूक उपकारक ठरेल. ट्रॅपच्या स्पर्धेची आकांक्षा असणाऱ्याने दुनळीचाच विचार आधी करावा. जुन्या बोलीने ‘ठासणीची’ म्हणून भरण्याच्या रीतीवरून नाव दिले. त्याच न्यायाने या बंदुकीस ‘आपोआप भरणारी’ म्हटले असते, तर तिच्याकडून काय अपेक्षावे आणि काय अपेक्षू नये हे खरेदीदारास नावावरूनच उमगले असते.