बोटीची सहल : निघण्यापूर्वी आणि बोटीवर

आमच्या कोकणात "तो बोटीवर आहे" असे कुणी म्हटले की त्याचा अर्थ एकच. माणूस नोकरीला लागला आहे, वर्षभर तरी घरी यायचा नाही आणि घरातली मंडळी पोस्टमनची वाट पाहत बसली आहेत. बोटीवर मौजेखातर जायचे, हे आमच्या आधीच्या पिढीला सांगितले असते तर त्यांनी खुळ्यात काढले असते. नोकरी सोडली तर बोट हजची. आमची दादी 'अकबर' बोटीने मुंबईहून जिद्दाला गेली होती आणि त्या प्रवासाच्या हकिकती तिला मरेपर्यंत पुरल्या. १९९५ नंतर हाजींच्या बोटी बंद झाल्या आणि समुद्र आमच्या घरातून तसा निघूनच गेला.

आता मुंबईहून सहलीची मोठी जहाजे सुटतात. गोवा, कोची, लक्षद्वीप अशी दोन ते पाच रात्रींची सफर असते. गेल्या नाताळच्या सुट्टीत आम्ही पाच जण तीन रात्रींसाठी गोव्याला जाऊन आलो. मी, आमचे हे, दोन मुले आणि माझी सत्तरी ओलांडलेली अम्मी. परत आल्यापासून शाळेच्या स्टाफरूममध्ये आणि नातेवाइकांत मला सारखे तेच प्रश्न विचारले जातात, म्हणून एकदाच लिहून टाकते.

पहिला प्रश्न बहुतेकांच्या मनात असतो, पण विचारताना लोक चाचरतात. तिथे दारू असते, जुगाराचा अड्डा असतो, नाचगाणे असते, मग आपण जावे का? आमच्या घरातही यावरून चार दिवस बोलणे झाले. दीर म्हणाले, "भाभी, पैसे देऊन तिथंच का जायचं?" त्यांचे म्हणणे मी उडवून लावणार नाही. फतवा देणे माझे काम नाही, ज्यांच्या मनाला पटत नसेल त्यांनी जाऊ नये. आम्ही जहाजाचा नकाशा आधीच पाहिला. बार आणि कॅसिनो कोणत्या मजल्यावर आहेत ते मुलांना दाखवले आणि तिकडे पाऊल टाकायचे नाही असे ठरवले. तेरा वर्षांच्या मुलाने दुसऱ्या दिवशी मला येऊन सांगितले की जेवणाच्या हॉलकडे जायला मागचा जिना बरा, त्या मजल्यावरून जावे लागत नाही. ज्यांना यातले काहीच नको असेल त्यांच्यासाठी आणखी एक माहिती देते. डिसेंबर २०२४ पासून जिद्दाहून 'आरोया' नावाचे सौदी जहाज सुरू झाले आहे. त्यावर दारू मिळत नाही. खर्च अर्थातच वेगळा, आणि व्हिसाही लागणार.

पैशांबद्दल स्पष्ट बोललेले बरे. घरातल्या कुणावर हज फर्ज झाला असेल तर आधी तो. व्याजाच्या हप्त्यावर सहल तर नकोच. जाहिरातीत मोठ्या अक्षरात छापलेला आकडा दोघांच्या केबिनमधल्या एका माणसाचा असतो. त्यावर बंदराचा आकार, नोकरवर्गाची बक्षिशी आणि कर चढतात. एजंटाकडून सगळे धरून एकूण रक्कम लेखी घ्यावी, तोंडी सांगितलेल्यावर जाऊ नये. त्याच केबिनमध्ये तिसरा आणि चौथा माणूस बहुधा स्वस्तात जातो, म्हणून चौघांच्या कुटुंबाने दोन केबिन घेण्याआधी हिशेब करावा. शनिवार-रविवार, दिवाळी, नाताळ महाग. शाळा चालू असताना मधल्या वारी स्वस्त, पण ते आम्हा मास्तरलोकांच्या नशिबी नाही. जेवणात काय धरलेले आहे तेही विचारून घ्यावे. मुख्य हॉलमधले जेवण तिकिटात असते, पण बाटलीतले पेय, खास हॉटेले आणि इंटरनेट यांचे पैसे वेगळे लागतात.

केबिनच्या बाबतीत आम्ही चुकलो. सर्वांत स्वस्त म्हणून आतली, बिनखिडकीची केबिन घेतली. रात्री झोपायलाच तर जायचे आहे, असा विचार केला होता. आत दिवा मालवला की दिवस आणि रात्र यांत काही फरक उरत नाही. पहिल्या रात्री अम्मी तीन वेळा उठली आणि प्रत्येक वेळी विचारले, "फजर झाली का गं?" घड्याळ दाखवले तरी तिचा विश्वास बसेना. मग ती बिछान्यावर बसली आणि चारी भिंतींकडे पाहत राहिली. माझे अब्बा बावीस वर्षे मालवाहू जहाजांवर इंजिनात तेलवाला होते. अम्मी म्हणाली, "प्रत्येक पत्रात लिहायचे, खोली चांगली आहे, काळजी करू नये. अशीच असणार ती." मी काही बोलले नाही. उरलेल्या रात्री ती अर्धा वेळ डेकवरच्या खुर्चीत शाल पांघरून बसली आणि माझ्या मुलीला आपल्या सोबत बसवून घेतले. म्हणून सांगते, वडीलधारे माणूस बरोबर असेल तर निदान खिडकीची केबिन घ्या. केबिन जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर असेल तर हेलकावे कमी लागतात. टोकाला आणि वर जास्त.

समुद्र लागण्याची भीती अनेकांना असते. पावसाळ्यात अरबी समुद्राच्या वाटेला जाऊच नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी बरेच शांत असते. तरीही ज्याला एस.टी.त मळमळते त्याने डॉक्टरांना विचारून गोळी आणावी आणि बोट सुटण्याच्या तासभर आधी घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा उपयोग थोडा. आल्याचा तुकडा, कोरडी बिस्किटे, मोकळी हवा आणि क्षितिजावर नजर, एवढ्यावर माझे भागले. केबिनमध्ये पडून मोबाइल पाहणाऱ्यांचे हाल होतात. गरोदर बहिणींनी आणि तान्ह्या मुलांच्या आयांनी तिकीट काढण्याआधी नियम विचारावेत. सहा महिने पुरे झाल्यावर सहसा गरोदर बाईला घेत नाहीत. साखर, रक्तदाब यांची औषधे दोन दिवसांची जास्त घ्यावीत आणि ती हातातल्या पिशवीत ठेवावीत. कारण मोठी बॅग बंदरावर दिली की ती केबिनच्या दारात पोहोचायला कधी कधी संध्याकाळ होते.

सामानात काय न्यावे? इस्त्री, किटली, मेणबत्ती, उदबत्ती, लोबान यांतले काहीही नको, तपासणीत काढून घेतात. जहाजावर आगीची भीती सर्वांत मोठी. घरचे जेवणही नेऊ देत नाहीत. अम्मीचा खजूर आणि तिळाचे लाडू तिथेच राहिले. न्यायची ती वस्तू म्हणजे एक छोटा प्लॅस्टिकचा मग. अनेक जहाजे मुळात पाश्चात्त्य देशांसाठी बांधलेली आहेत, संडासात पाण्याची सोय असेलच असे नाही. जानमाज पातळ, घडी होणारी घ्यावी. वातानुकूलन कडक असते, म्हणून शाल किंवा स्वेटर हवाच. ओल्या डेकवर पाय घसरू नये म्हणून रबरी तळाच्या चपला घ्याव्यात. बुरखा किंवा लांब अबाया असेल तर जिन्यावर आणि डेकवरच्या वाऱ्यात सांभाळून. मी पिना लावून घेतल्या होत्या.

मुंबईत बोट बॅलार्ड पिअरला लागते. बोरीबंदर स्टेशनवरून टॅक्सीने थोडाच वेळ लागतो. घरूनच वेब चेक-इन करून कागद छापून न्यावा. देशातल्या सफरीसाठी सरकारी ओळखपत्र चालते, मुलांचेही हवे. लक्षद्वीपला उतरायचे असेल तर परवाना लागतो. तो कंपनी काढते की आपण काढायचा, हे तिकिटाच्या वेळीच विचारावे. श्रीलंका किंवा आणखी परदेश असेल तर पासपोर्ट लागतो. मोबाइलचे सिग्नल किनारा सुटल्यावर तासाभरात जातात. त्यानंतर फोन विमानाच्या मोडवर टाकावा, नाहीतर जहाजाचे नेटवर्क पकडले जाते आणि घरी आल्यावर बिल पाहून डोळे फिरतात.

चढल्या चढल्या सुरक्षेची कवायत होते. लोक ती टाळायला पाहतात, आमच्या शेजारच्या केबिनमधले कुटुंब तर आइस्क्रीम खात बसले होते. इटलीच्या किनाऱ्यावर १३ जानेवारी २०१२ रोजी 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आपटले आणि ३२ माणसे गेली, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या प्रवाशांची कवायत व्हायची राहिली होती. त्यानंतर नियम कडक झाले. आता बोट सुटण्याआधी किंवा सुटताच ती घ्यावी लागते. सात आखूड भोंगे आणि एक लांब, ही धोक्याची खूण. आपले जमण्याचे ठिकाण कोणते आणि लाइफ जॅकेट कपाटात कुठे, हे मुलांकडून दोनदा म्हणून घ्यावे. शाळेतल्या हजेरीसारखे वाटते, पण वाटू द्यावे.

नमाजविषयी. मुंबई ते गोवा समुद्रमार्गे चारशे किलोमीटरांहून जास्त, म्हणजे कस्रचा प्रवास. जोहर, असर, ईशा यांचे फर्ज दोन-दोन रकात. फजर आणि मगरिब आहेत तशा. आम्ही कोकणी शाफई, आम्हाला प्रवासात जोहर-असर आणि मगरिब-ईशा एकत्र पढता येतात. हनफी बंधुभगिनींनी त्या त्या वेळी पढावी. प्रवाशावर जुमा नाही, जोहर पढावी. उभे राहता येत असेल तर उभे राहूनच, चक्कर येत असेल तर बसून.

किबल्याचा घोळ मात्र आम्ही प्रत्यक्ष अनुभवला. मोबाइलमधला होकायंत्राचा काटा जहाजाच्या पोलादामुळे भलतीकडे वळतो. आमच्या दोन फोनांनी एकाच केबिनमध्ये दोन दिशा दाखवल्या. सोपा उपाय असा : आपल्या किनाऱ्यावरून किबला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे आहे. गोव्याला जाताना बोट दक्षिणेला चालते, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे तोंड करून उभे राहिले की किबला उजव्या हाताला. परतताना डाव्या हाताला. दिवसा डेकवर जाऊन सूर्यावरून एकदा खात्री करावी. केबिनमध्ये पलंग आणि कपाट यांच्यामध्ये एकाच माणसाची जागा असते, त्यामुळे आम्ही पाळी लावली. सकाळी लवकर वरचा डेक रिकामा असतो. फजर आम्ही तिथे पढलो, जमातीने. सफाई करणारा एक मुलगा बादली बाजूला ठेवून मागच्या सफेत येऊन उभा राहिला. सलाम फेरल्यावर कळले, तो रायगडकडचा.

जेवणात हलालची चौकशी तिकीट काढण्याआधी करावी आणि उत्तर लेखी मागावे. चढल्यावर मुख्य आचाऱ्याला पुन्हा विचारावे. शंका असेल तर मांस सोडून द्यावे. मासे, अंडी, शाकाहारी पदार्थ यांत तीन दिवस सहज जातात, आणि आपल्या देशातल्या जहाजांवर शाकाहारी जेवणाची रेलचेल असते. तरी दोन गोष्टी पाहाव्यात. पाश्चात्त्य पद्धतीच्या रश्श्यात वाइन घालतात आणि पुडिंग, जेली, मूस यांत जिलेटिन असते. एकाच तव्यावर सगळे भाजतात का, तेही विचारावे. विचारायला लाजू नये. जैन मंडळी बिनधास्त विचारतात आणि त्यांना वेगळे ताट मिळते.

गोव्यात जहाज मुरगाव बंदराला लागते. हातात दिवसही पुरा नसतो, तेव्हा समुद्रकिनारा, चर्च आणि बाजार सगळे उरकायचा हट्ट धरू नये. आम्ही गाडी करून फोंड्याची सफा मशीद पाहिली. विजापूरच्या आदिलशाहीत, १५६० मध्ये बांधलेली. शेजारचा जांभ्या दगडाचा तलाव आणि त्याच्या कडेच्या कमानी पाहण्यासारख्या आहेत. आपली गाडी केली असेल तर दिलेल्या वेळेच्या तासभर आधी बंदरात हजर राहावे. जहाजाच्या स्वतःच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबते, आपल्यासाठी थांबत नाही.

शेवटच्या रात्री बॅगा बाहेर ठेवायला सांगतात. सकाळी लागणारे कपडे, औषधे आणि ओळखपत्रे त्याआधी काढून घ्यावीत. बिल रात्रीच पाहून घ्यावे, सकाळी रांग मोठी असते. आमच्या बिलात न घेतलेल्या दोन कॉफ्या निघाल्या, सांगितल्यावर कमी केल्या.

मुंबईचा किनारा दिसू लागला तेव्हा अम्मी कठड्याला धरून उभी होती. अब्बांना सोडायला ती तीन वेळा या बंदराच्या फाटकापर्यंत आली होती, आत कधी सोडले नव्हते. फाटक कुठले ते तिने मला विचारले. मला ओळखता आले नाही. मग तिने मुलीला सांगितले, "पुढच्या वेळी तुझ्या आईला म्हणावं, खिडकी असलेली खोली घे. जाताना डाव्या बाजूची. किनारा तिकडून दिसतो."