पहिली मिनिटं जोडीदाराची

युद्धातल्या वैद्यकाचा आढावा घ्यायचा म्हटलं की लिहिणाऱ्याची लेखणी हटकून सर्जनांकडे वळते. नेपोलियनच्या सैन्यातला लॅरी आणि त्याच्या धावत्या रुग्णगाड्या, एसमार्खची त्रिकोणी पट्टी, मांडीचं हाड मोडलेल्या शिपायांना पहिल्या महायुद्धात मरणाच्या दाढेतून ओढून काढणारी थॉमस स्प्लिंट, मग रक्तपेढ्या, पेनिसिलिन, हेलिकॉप्टर. हे सगळं खरं आहे आणि पुष्कळांनी लिहूनही झालं आहे. जखमी जवानाच्या शेजारी त्या क्षणी असलेला दुसरा जवान मात्र या यादीत सहसा सापडत नाही. आपल्या सैन्यात त्याला ‘बडी’ म्हणतात. डॉक्टर पोचेपर्यंतची मिनिटं त्याच्या हातात असतात.

ती किती मोलाची, हे आकड्यांतून दिसलं आहे. २००१ ते २०११ या दशकात इराक-अफगाणिस्तानच्या लढायांत गेलेल्या साडेचार हजारांहून अधिक अमेरिकी सैनिकांच्या मृत्यूंची छाननी ईस्टरिज आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केली. सुमारे ८७ टक्के मृत्यू शल्यचिकित्सेची सोय असलेल्या ठिकाणी पोचण्याआधीच झाले होते. त्यांतल्या जवळजवळ चौथ्या हिश्श्याला वाचण्याची शक्यता होती आणि अशा वाचू शकणाऱ्यांतले दहापैकी नऊ जण रक्तस्रावानं गेले.

म्हणूनच टूर्निकेटची, म्हणजे हातापायाचा रक्तस्राव आवळून थांबवणाऱ्या पट्ट्याची, कैफियत नीट मांडायला हवी. पॅरिसच्या झां-लुई पेतीनं १७१८ च्या सुमारास स्क्रूनं आवळायचा टूर्निकेट केला, तेव्हापासून हे साधन सर्जनांच्या हाती आहे. दोन महायुद्धांत मात्र ते बदनाम झालं. कमरेचा पट्टा, दोरी, हाताला येईल ते बांधलं जायचं. अर्धवट आवळलेल्या पट्ट्याखाली शिरा दाबल्या जातात आणि धमनी वाहतच राहते, त्यामुळे रक्त उलट जास्त जातं. नीट आवळलेले पट्टेही मागच्या तळावर पोचेपर्यंत तासन्‌तास तसेच राहायचे. दोष बांधणीचा आणि वाहतुकीचा, शिक्षा मिळाली साधनाला. पुढच्या कित्येक पिढ्यांना ‘अगदी शेवटचा उपाय’ असंच शिकवलं गेलं, आपल्याकडच्या प्रथमोपचाराच्या वर्गांतही.

वारं फिरलं ते १९९६ साली. डॉक्टर फ्रँक बटलर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकी विशेष दलांसाठी लिहिलेल्या निबंधात गोळीबार चालू असतानाचा उपचार आणि आडोशाला आल्यावरचा उपचार वेगळे काढले. गोळ्या सुटत असताना हातापायातून भळाभळा रक्त जात असेल, तर आधी टूर्निकेट, बाकी सगळं मागाहून. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस स्टॅन्ली मॅक्‌क्रिस्टल अमेरिकेच्या ७५ व्या रेंजर रेजिमेंटचे प्रमुख होते. नेमबाजी, शारीरिक क्षमता आणि तुकडीचे डावपेच यांच्या पंगतीत त्यांनी प्रथमोपचार आणून बसवला, तोही प्रत्येक शिपायासाठी. पुढच्या दशकातल्या या रेजिमेंटच्या मृत्यूंची तपासणी झाली, तेव्हा रणांगणावरच्या उपचारात कमी पडल्यामुळे गेलेला एकही सैनिक आढळला नाही. बगदादच्या अमेरिकी लष्करी रुग्णालयात सर्जन जॉन क्रॅग यांनी ठेवलेली नोंदही बोलकी आहे. रक्तस्रावानं शॉकमध्ये जाण्याआधी टूर्निकेट बसलेल्यांतले सुमारे ९० टक्के जगले, नंतर बसलेल्यांतले जेमतेम १० टक्के.

कृती सोपी आहे, पण हातात बसायला सराव लागतो. गोळीबारात कपड्यावरूनच, अवयवाच्या शक्य तितक्या वरच्या भागात पट्टा घालायचा. आडोशाला आल्यावर जखम उघडी करून तिच्या चार बोटं वर, पण सांध्यावर नाही. पट्ट्याखाली खिशातली किल्ली किंवा काडतूस राहता कामा नये. आधी पट्टाच इतका ओढायचा की त्याखाली बोटांची टोकं शिरू नयेत. मग पट्ट्याला जोडलेली दांडी पिळायची, रक्त थांबेपर्यंत आणि पुढची नाडी लागेनाशी होईपर्यंत. दांडी अडकवून वेळ लिहायची. जखमी कळवळतो, शिव्या देतो, सैल कर म्हणून गयावया करतो. तेव्हा हात मागे घ्यायचा नसतो.

काही अभ्यासू मंडळी आता युक्रेनचा दाखला देतात. ड्रोनच्या भीतीनं जखमींना तासन्‌तास हलवता येत नाही आणि आवळून ठेवलेले अवयव गमवावे लागतात, हे खरंच आहे. पण त्यातून जुनी भीती पुन्हा उभी करणं चूक आहे. दोन तासांच्या आत पट्टा पुन्हा तपासावा आणि जमेल तिथे दाबपट्टीवर यावं, हे नियमांत आहेच. ते शिकवायचं राहिलं असेल, तर ते शिकवावं.

शिकवलेलं अंगवळणी पडू शकतं, हे उंचीवरच्या आजारांत दिसतं. १९६२ च्या युद्धात घाईनं वर चढवलेल्या जवानांनी जे भोगलं, त्यातून भारतीय लष्करी डॉक्टरांनी जगाला शिकवलं. इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी १,९२५ जवानांवरचा अभ्यास १९६९ साली छापला. नऊ हजार फुटांवर सहा दिवस, बारा हजारांवर चार, पंधरा हजारांवर आणखी चार, हा विरळ हवेची सवय करून घ्यायचा क्रम आज लष्करात सर्वांना पाठ असतो.

शांततेच्या काळातली सुरक्षितता मात्र कुणाला पाठ नसते. मार्च २०१४ मध्ये मुंबईत ‘कोलकाता’ युद्धनौकेवर आग विझवण्याच्या यंत्रणेतला कार्बन डायऑक्साइड सुटून एक अधिकारी गेला. जून २०१६ मध्ये कारवारला ‘विक्रमादित्य’वर सांडपाण्याच्या यंत्रणेची दुरुस्ती करताना विषारी वायूनं दोघांचा बळी घेतला. कोंदट जागेत कोसळलेल्या सोबत्याला पाहून दुसरा तसाच आत धावतो आणि तोही पडतो. आधी हवा तपासा, श्वसनयंत्र चढवा, दोरी बांधा, बाहेर माणूस उभा ठेवा. हे नियम मायेच्या आड येतात म्हणूनच ते सरावानं अंगात मुरवावे लागतात. मदतीला धावणारेच बळी पडतात, हे आगीतही दिसतं: ३१ मे २०१६ च्या पुलगाव दारूगोळा भांडाराच्या आगीत गेलेल्यांत बहुतेक अग्निशमन दलाचे होते.

मदत करणाऱ्यानं आधी स्वतःला जपावं, याला सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या कहाणीत एक दुखरा दाखला आहे. चीनमध्ये ते ज्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, त्याला नॉर्मन बेथ्यून या कॅनेडियन सर्जनचं नाव होतं. जखमींवर हातमोज्यांविना शस्त्रक्रिया करताना बेथ्यूनचं बोट कापलं, जखम चिघळली आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये तो रक्तातल्या जंतुसंसर्गानं गेला.

आता पुन्हा सरावाकडे. एकेकाळी टूर्निकेटच्या वर्गात बाटलीतलं लाल पाणी रबरी नळीतून सोडत. पट्टा नीट बसला की धार थांबे, नाहीतर शिकणाऱ्याच्या बुटावर येई. प्रस्तुत लेखकानं पुढे असेही वर्ग पाहिले, जिथे पडद्यावर चित्रं सरकतात, हजेरी होते आणि टूर्निकेट प्लास्टिकच्या वेष्टनातून बाहेरही निघत नाही. पिशवीच्या तळाशी गेलेला टूर्निकेट काय कामाचा? तो दोन्ही हातांना लागेल असा छातीवर हवा, कारण उजवा हात गेला तर डाव्यानं स्वतःलाच बांधायचा असतो. बाजारातल्या स्वस्त नकलांची दांडी पिळतानाच मोडते, त्या पारखून बाजूला काढायला हव्यात. सरावाचे टूर्निकेट वेगळे ठेवावेत आणि त्यांच्यावर ठळक खूण करावी. वर्गात वारंवार पिळलेला पट्टा ताणलेला असतो, तो मोहिमेवर न्यायचा नसतो.