शिळेवरचें चित्र आणि त्याचें प्रूफ

अमरावती-अकोल्याकडील जुन्या घरांच्या देवघरांत कमळावर उभी असलेली लक्ष्मी कांचेच्या चौकटींत अजूनहि आढळते. मूळ चित्र राजा रविवर्मा यांचें. परंतु घरोघर गेलें तें चुनखडीच्या शिळांवरून. १८९४ सालीं रविवर्मा यांनीं मुंबईस शिळाछापखाना काढला. पुढें तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. यंत्रें व जाणते कारागीर जर्मनींतून आले होते. ‘यंत्राचें चित्र’ म्हणून नाक मुरडणारांस त्यामागील खटाटोप ठाऊक नसतो.

रंगीत चित्रास प्रत्येक रंगाची शिळा निराळी लागते. शिळा पाण्यानें भिजविली कीं तेलकट रेघेवर छपाईची शाई धरते, ओल्या जागेवर धरत नाहीं; सारी विद्या एवढ्यावर चालते. कारागीर ठिपक्या-ठिपक्यांनीं, आरशांत दिसावें तसें उलटें चित्र काढतो. त्यांतहि पंचाईत अशी कीं, शिळा पिवळ्या रंगाची असो वा निळ्या, तो काढतो काळ्याच शाईनें. छापल्यावर गाल कसा दिसेल हें त्यानें मनांतच ताडावयाचें. तो अंदाज खरा कीं खोटा, हें प्रूफ सांगतें.

प्रथम एकट्या पिवळ्याचा ठसा, मग त्यावर तांबडा, मग निळा, असे चढत्या क्रमानें ठसे काढून मूळ चित्राशीं ताडतात. गाल फार लाल झाला तर तांबड्या शिळेवरचे ठिपके खरवडून विरळ करतात. वाढविणें मात्र अवघड. डिंक व आम्ल लावून तयार झालेली शिळा नवी तेलकट रेघ सहजीं घेत नाहीं, तिला सौम्य आम्लानें पुनः धुवावें लागतें. शिवाय कडेच्या खुणेच्या फुल्या एकमेकींवर नेमक्या बसल्या पाहिजेत. दमट हवेनें कागद किंचित् वाढला, तरी ओठांची लाली ओठांबाहेर जाते.

तांब्याच्या पत्र्यावर सुईनें किंवा आम्लानें कोरणाऱ्या चित्रकारासमोर असें मूळ चित्र असतेंच असें नाहीं. तो प्रूफ पाहून चित्रच बदलतो. डच चित्रकार रेम्ब्रांट यानें १६५३ सालीं ‘तीन क्रूस’ हें चित्र सुईनें कोरलें. पुढें त्याच पत्र्यावरच्या कित्येक आकृती घासून काढल्या, नव्या कोरल्या आणि उजळ देखावा गडद अंधारांत बुडविला. अधलेमधले ठसे उरले, म्हणून हा पालट आज पाहतां येतो. मळवलीच्या कारागिरांस ही मोकळीक नव्हती. त्यांस रविवर्म्यांच्या लक्ष्मीचा चेहरा तसाच्या तसा आणावयाचा होता.

घरीं जुनें चित्र असेल तर भिंग घेऊन लक्ष्मीच्या गालाकडे पाहावें. ठिपके दिसतील, आणि पदराच्या कांठाशीं कदाचित् एखादा रंग केंसभर सरकलेलाहि.