कोलायडरमधील माहितीचे मापन : 'इन्व्हर्स फेम्टोबार्न' या एककाची ओळख

जिनिव्हाजवळील सर्न येथील लार्ज हॅड्रॉन कोलायडरच्या सीएमएस प्रयोगात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा सहभाग आहे. या प्रयोगाच्या बातम्यांत 'इतके इन्व्हर्स फेम्टोबार्न माहिती जमा झाली' असा उल्लेख येतो. हे एकक विद्यार्थ्यांना कसे समजावून द्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

'बार्न' हे क्षेत्रफळाचे एकक होय. १ बार्न म्हणजे १० चा उणे २८ वा घात इतके चौरस मीटर. १९४२ साली पर्ड्यू विद्यापीठातील होलोवे व बेकर यांनी हे नाव सुचविले. बार्न म्हणजे धान्याचे कोठार. अणुकेंद्राच्या जगात एवढे क्षेत्रफळ कोठाराएवढे प्रशस्तच, हा त्यामागील विनोद! एखादी प्रक्रिया घडण्याची शक्यता अशा क्षेत्रफळाच्या रूपात मांडतात. तिला 'काटछेद' म्हणतात. फेम्टोबार्न हा बार्नचा १० चा उणे १५ वा घात इतका अंश आहे.

आता 'इन्व्हर्स', म्हणजे व्यस्त. संकेश्वरात पाऊस पडताना अंगणात भांडे ठेवले, तर त्यात किती थेंब पडतील? दर चौरस सेंटिमीटरला पडलेले थेंब गुणिले भांड्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ. येथे भांड्याचे तोंड म्हणजे काटछेद आणि एकूण पाऊस म्हणजे संकलित ल्युमिनॉसिटी. पाऊस 'दर क्षेत्रफळास' मोजला, म्हणून एकक व्यस्त झाले. फेम्टोबार्न अतिसूक्ष्म असल्याने त्याचा व्यस्त प्रचंड असतो, हे विद्यार्थ्यांच्या मनावर ठसवावे.

उदाहरणार्थ, १३ टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेला हिग्ज कणनिर्मितीचा काटछेद सुमारे ५५,००० फेम्टोबार्न आहे. २०१५ ते २०१८ या काळात प्रत्येक मोठ्या प्रयोगात सुमारे १४० इन्व्हर्स फेम्टोबार्न माहिती मिळाली. गुणाकार केल्यास सुमारे ७७ लाख हिग्ज कण येतात. त्यांपैकी हजारी सुमारे दोनच दोन फोटॉनांत रूपांतरित होतात.

या मापनाचे महत्त्व एका प्रसंगावरून कळते. डिसेंबर २०१५ मध्ये सुमारे ३ इन्व्हर्स फेम्टोबार्न माहितीत ७५० गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टजवळ नव्या कणाची चाहूल लागल्यासारखे वाटले व त्यावर शेकडो शोधनिबंध लिहिले गेले. ऑगस्ट २०१६ पर्यंत माहिती कित्येक पटींनी वाढली आणि तो उंचवटा नाहीसा झाला. तो केवळ योगायोग होता. सारांश, निष्कर्ष किती विश्वसनीय आहे हे ठरविण्यापूर्वी तो किती माहितीवर आधारलेला आहे, हे विचारण्याची सवय या एककातून लावता येते.