युगीचे केस डोक्यावर उभे कसे करायचे?

‘यू-गी-ओह!’ या जपानी कॉमिकमधल्या युगीचे केस आठवा. तारेच्या आकाराचे काळे टोकदार सुळके, त्यांना गडद गुलाबी कड आणि कपाळावर विजेसारख्या वाकड्या पिवळ्या बटा! त्याचे चित्रकार काझुकी ताकाहाशी यांनी १९९६मध्ये ते कागदावर काढले. कागदावर केसांना वजन नसतं, पात्राचा वेश घेऊन कॉस्प्ले करणाऱ्याच्या डोक्यावर मात्र असतं.

खरी मेख इथेच आहे. नुसता स्प्रे मारून वीतभर लांब सुळका उभा राहत नाही. म्हणून आधी हलक्या फोमचे पोकळ शंकू कापून विगच्या जाळीवर घट्ट शिवतात. मग त्यांच्यावर केसांच्या पट्ट्या खालून वर चिकटवत जातात आणि टोकाशी गोंद लावून बोटांनी पीळ देतात. आत भरीव काही घातलं, तर तासाभरात मान भरून येते.

दुसरी काळजी उष्णतेची. साध्या कृत्रिम केसांना स्ट्रेटनर लावला की ते वितळतात, त्यामुळे उष्णता सहन करणारा विगच घ्या. हेअर ड्रायरही लांबून फिरवा.

आणखी एक अडचण म्हणजे चित्रातलं पात्र समोरून आणि बाजूने पाहिलं की सुळके जागा बदलतात. खऱ्या विगला ती सोय नाही. माझ्या मते समोरचा कोन पकडावा, कारण फोटो बहुतेक तिथूनच निघतात.

पहिलाच विग करत असाल तर युगीपासून सुरुवात करू नका. आधी एकच सुळका करून बघा आणि त्याचा फोटो इथे नक्की टाका!